दादाची सायकल माझ्या मापात

३ नोव्हेंबर २०२४, रविवार, भाऊबीज

ओवाळून झालं, पण दादानं ताटात पाकीट टाकलं नाही. "खाली चल," म्हणाला. पार्किंगमध्ये भिंतीला टेकवून त्याची रोड सायकल उभी होती. दोन्ही चाकं काढून, चादरीत गुंडाळून, गाडीच्या मागच्या सीटवर घालून त्यानं ती पुण्याहून आणली होती.

मणक्यातली चकती सरकल्यापासून गेलं दीड वर्ष ती त्याच्या गॅलरीत उभी आहे. डॉक्टरांनी त्याला चालायला सांगितलंय, पोहायला सांगितलंय. वाकून चालवायची सायकल मात्र बंद. "चिमे, आता तू चालव. तुला मोठी होणार. पण मोठी वस्तू मापात कशी आणायची, हे तुला मी काय शिकवू?"

चौदा वर्षं मी शिवणकाम करते. थोरल्याचे कपडे उसवून धाकट्याला बसते करणं हे आमच्या दुकानातलं नेहमीचं काम. सायकलही तशीच हाताळायची असं ठरवलं, म्हणून मापांच्या वहीची मागची पानं या नोंदींना काढली.

ही सायकल दादानं २०१६ मध्ये घेतली, तेव्हा तो इथेच, नाशिकला होता. त्याच्या आदल्या वर्षी नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी अमेरिकेतली ‘रॅम’ (रेस अक्रॉस अमेरिका) ही सायकल शर्यत दोघांच्या संघात पूर्ण केली होती. सुमारे ४,८०० किलोमीटर, नऊ दिवसांच्या आत. त्यानंतर गंगापूर रोडला पहाटे हेल्मेटवाली माणसं दिसायला लागली. दादा त्यांतलाच एक.

आज नुसती बसून पाहिली. पायडल खाली गेलं की पाय सुटतो. हँडलपर्यंत हात पोचतात, पण कोपरं ताठ आणि खांदे कानाशी.

४ नोव्हेंबर, सोमवार

आधी मापं. दोघांचीही घेतली, दादा दुपारी निघायच्या आत.

दादा: उंची १७४ सेंमी, पायाचं आतलं माप ८३.
मी: उंची १६३, आतलं माप ७५.

पँटचं आतलं माप आम्ही घेतो ते इथे चालत नाही. अनवाणी भिंतीला पाठ लावून उभं राहायचं, जाड पुठ्ठ्याचं पुस्तक दोन पायांमध्ये धरून, सीटवर बसल्यावर जेवढा दाब येतो तेवढं वर दाबायचं आणि पुस्तकाच्या वरच्या कडेची भिंतीवर खूण करायची. तीनदा घेतलं. ७४.८, ७५.२, ७५.

सायकल: फ्रेम ५४ नंबरची, अ‍ॅल्युमिनियमची. सीटची नळी ५१ सेंमी. वरचा दांडा आडव्या रेषेत मोजला तर साडेचोपन्न. जमिनीपासून दांड्याच्या मध्यापर्यंत ७७. क्रँक, म्हणजे पायडल ज्याच्या टोकाला बसतं तो दांडा, १७२.५ मिमी. स्टेम, म्हणजे हँडलला पुढच्या नळीशी जोडणारा आखूड तुकडा, ११०. हँडल ४२ सेंमी रुंद. सीटच्या टोकापासून हँडलच्या मध्यापर्यंत ५७ सेंमी, आणि हँडल सीटपेक्षा ६ सेंमी खाली.

माझ्या उंचीला ५० च्या आसपासची फ्रेम लागते. म्हणजे ही दोन नंबर मोठी.

शर्ट उसवताना आधी खांदा बघतात. खांदा बसला की मग बाही, मग कंबर. बाही लांब वाटते म्हणून आधी तिलाच कात्री लावली, तर खांदा नीट केल्यावर ती आखूड पडते. सायकलीचा खांदा कुठला, हे ठरवायला मला दोन रात्री लागल्या. उत्तर असं: पायडल जागचं हलत नाही, म्हणून माप तिथून सुरू. पायडलच्या हिशेबानं सीट बसवायची आणि सीट पक्की झाली की मग हँडल माणसाकडे आणायचं. हँडल लांब आहे म्हणून सीट सरकवायची नाही. (हा नियम मी स्वतः लिहिला आणि तीन आठवड्यांत मोडला. पुढे येईल.)

१० नोव्हेंबर, रविवार

सीट खाली घ्यायला गेले. नळीला आवळणाऱ्या पट्ट्याचा स्क्रू सैल केला, तरी सीटपोस्ट, म्हणजे सीट धरणारी आणि फ्रेमच्या नळीत उतरणारी नळी, हलेना. आठ वर्षांत दादानं ती एकदाही काढलेली नाही. घाम आणि पावसाचं पाणी फटीत शिरून अ‍ॅल्युमिनियम गंजून फुगतं आणि दोन्ही नळ्या एकमेकींना घट्ट धरतात.

हातोडी लावायची नाही हे ठरलेलं. जोडाच्या भोवती तेल सोडलं, सायकल तशीच ठेवली.

१३ नोव्हेंबर, बुधवार

तीन दिवस सकाळ-संध्याकाळ तेल. आज सीट दोन्ही हातांनी धरून पिळली. शेजारच्या वहिनींनी फ्रेम धरली. आधी नुसता ‘कट्’ असा आवाज झाला. मग केसाएवढी फिरली. मग पुन्हा तेल, पुन्हा पीळ. वीस मिनिटांनी ती गोल फिरायला लागली आणि फिरवत फिरवत बाहेर आली. आतल्या भागावर पांढरी भुकटी, चुन्यासारखी. नळीच्या आत चिंधी गुंडाळलेली काठी घालून पुसलं, तर चिंधी राखाडी होऊन आली.

दादाच्या उंचीची खूण म्हणून सीटपोस्टवर नेलपेंटनं लाल रेघ ओढून ठेवली. सगळ्या कामात पहिली गोष्ट हीच करायची होती, तेल घालायच्याही आधी. नशिबानं घामाचा डाग त्याच जागी होता, म्हणून रेघ चुकली नाही.

१७ नोव्हेंबर, रविवार

सीटची उंची किती, याचा एक जुना हिशेब आहे: आतलं माप गुणिले ०.८८३. तीनदा टूर द फ्रान्स जिंकलेल्या ग्रेग लेमाँडच्या नावानं तो ओळखला जातो; त्याचे प्रशिक्षक सिरिल गिमार यांच्याकडून तो आला. क्रँकच्या कण्याच्या मध्यापासून सीटच्या नळीच्या रेषेत वर सीटच्या माथ्यापर्यंत हे माप घ्यायचं.

दादाचं ७३.३ येतं. सायकलीवर मोजलं होतं ते ७३. त्यानं हिशेब न करता, नुसतं चालवून चालवून तेच गाठलेलं!
माझं ६६.२.

म्हणजे सीट सात सेंमी खाली. ग्रीस लावून पोस्ट आत सोडली, तर ६८ वर आल्यावर आत कशावर तरी आपटली. टॉर्च मारून बघितलं. बाटलीचा स्टँड ज्या स्क्रूंवर बसतो त्यांच्या आट्यांचे ठोकळे नळीच्या आत पुढे आलेले असतात. पोस्टचं टोक त्यातल्या वरच्या ठोकळ्यावर टेकत होतं. दामटलं असतं तर ठोकळाच निघाला असता.

पोस्ट कापावी लागणार. दादाला फोन केला. "काप ना, विचारतेस काय," म्हणाला. तरी दोन दिवस जाऊ दिले.

२० नोव्हेंबर, बुधवार

विधानसभेचं मतदान. सकाळीच मत देऊन आले, दुकान बंद होतं. तुळशीचं लग्न झाल्यापासून लग्नाच्या ब्लाउजची गर्दी आहे, असा मोकळा दिवस पुन्हा मिळाला नसता. पंचवटीत एक म्हातारे सायकल मिस्त्री राहतात, दुकानाच्या वरच. ते हो म्हणाले.

पोस्ट पूर्ण लांबी ३५ सेंमी. माझ्या उंचीला ९ बाहेर, २६ आत. ठोकळा साधारण २४ वर. मिस्त्री म्हणाले, "ताई, सरळ आठ कापू. पुन्हा कधी अडायचं नाही, आणि वजनही कमी."

मी पाच म्हटलं. पाच कापली की ३० उरते. माझ्यासाठी ९ बाहेर, २१ आत. ठोकळ्यापासून तीन सेंमी लांब. आणि लाल रेघेवर ठेवली तर १६ बाहेर, १४ आत. आठ कापली असती तर रेघेवर आत अकराच उरते, कमीत कमी दहाच्या अगदी काठाला. ब्लाउज आत घेताना कापड कापून टाकत नाहीत, माया ठेवतात. उद्या उसवावं लागलं तर?

मिस्त्रींनी माझ्याकडे बघितलं आणि मग काही विचारलं नाही. पाण्याच्या पाइपची क्लिप पोस्टभोवती आवळली, म्हणजे हॅक्सॉ सरळ चालते. कापल्यावर कानशीनं आतली-बाहेरची कड मारली. कड धारदार राहिली तर ती फ्रेमला आतून ओरखडते.

एक गोष्ट त्यांनीच दाखवली. पोस्टवर कंपनीनं ‘याच्यापेक्षा वर काढू नका’ अशी रेघ छापलेली असते. खालून पाच कापले की ती रेघ खोटी ठरते. नव्या टोकापासून दहा सेंमी मोजून त्यांनी सुईच्या टोकानं नवी रेघ कोरली आणि जुनी खरवडली.

ग्रीस, पोस्ट आत, ६६.२. टाच पायडलवर ठेवून पाय पूर्ण खाली नेला तर गुडघा सरळ होतो, कंबर हलत नाही. बरोबर.

आणखी एक लक्षात आलं. सीटची नळी मागे झुकलेली असते, म्हणून सीट सात सेंमी खाली आली की आपोआप दोन सेंमी पुढेही येते. ५७ चे ५५ झाले, हात न लावता. हँडलही आता सीटच्या खाली राहिलं नाही, बरोबरीला आलं.

२४ नोव्हेंबर, रविवार

पहिली फेरी, सोमेश्वरपर्यंत. पाय छान फिरतात. हात अजून ताठ. वीस मिनिटांत तळहाताला मुंग्या.

परतताना एका दुकानात स्टेम विचारायला थांबले. तिथल्या माणसानं स्टेम दाखवलाच नाही. "मॅडम, खर्च कशाला? सीट पुढे ओढून देतो." दोन मिनिटांत सीट रुळांवर होती तेवढी पुढे सरकवली. ५५ चे ५३. हात खरंच जवळ आले. बरं वाटलं, घरी आले.

१ डिसेंबर, रविवार

आठवडाभरात तीन फेऱ्या, आणि दोन्ही गुडघे पुढून, वाटीच्या खाली दुखतात. शिवणयंत्राचं पायडल मारतानाही दुखलं तेव्हा घाबरले. माझं पोट त्या पायांवर आहे.

नियम आठवला. गवंड्याचा ओळंबा घरी होता, गच्चीच्या कामाच्या वेळचा. सायकल दाराच्या चौकटीत धरून बसले, क्रँक आडवा, पुढचा पाय पायडलवर जसा असतो तसा. वाटीच्या खाली जो हाडाचा उंचवटा लागतो तिथून ओळंबा सोडला. भाचीनं खाली बघून सांगितलं. दोरी पायडलच्या आसाच्या अडीच सेंमी पुढे!

हा ओळंबा काही शास्त्राचा शेवटचा शब्द नाही, सगळ्यांचे गुडघे आसाच्या बरोबर वर हवेत असंही नाही. पण सुरुवात करायला ती चांगली जागा आहे, आणि अडीच सेंमी फार झाले. गुडघा इतका पुढे गेला की तो जास्त मुडपलेल्या अवस्थेत जोर लावतो आणि सगळा भार वाटीवर येतो. वर अंगाचं वजनही पुढे ढकललं जाऊन हातांवर पडतं. म्हणजे ज्या मुंग्यांसाठी सीट पुढे ओढली, त्या मुंग्याही तशाच.

सीट परत रुळांच्या मध्यावर. ओळंबा आसाच्या पाच मिमी पुढे. इथेच ठेवली, पातळी बघून स्क्रू आवळले. पुन्हा ५५. आता हात लांब पडतात ते पडू देत, ते हँडलनं सोडवायचं आहे.

एक आठवडा सायकल नाही.

८ डिसेंबर, रविवार

गुडघे शांत. स्टेम आणला, ८० मिमी.

स्टेम बदलल्यानं नेमकं किती जवळ येतं हे आकड्यांत कळत नव्हतं, म्हणून ड्राफ्टिंगचा खाकी कागद जमिनीवर पसरला आणि पूर्ण मापात काढलं. पुढची नळी ७३ अंशांत झुकलेली. स्टेमवर ६ अंश लिहिलेलं असतं, तो त्या नळीशी काटकोनापेक्षा ६ अंश खाली किंवा उलटा लावला तर ६ अंश वर. दादाचा ११० खाली झुकवलेला होता. माझा ८० उलटा, वर. कोनमापक लावून दोन्ही रेघा ओढल्या आणि टेप लावला. ३४ मिमी जवळ, १० मिमी वर. नुसत्या लांबीतला फरक ३० चा, पण वर गेलेली रेघ आडवी मोजली तर आणखी चार मिमी आखूड होते.

याच कागदावर एक उलटी गोष्टही दिसली. हँडल खाली घ्यायला स्टेमखालच्या चकत्या काढल्या, तर पुढची नळी मागे झुकलेली असल्यामुळे हँडल खाली येताना पुढे जातं, सेंमीला सुमारे तीन मिमी. म्हणून मोठ्या सायकलीच्या चकत्या लगेच काढायला जाऊ नये.

बसवताना चूक झाली. जुना स्टेम काढला, नवा घातला, हँडल सरळ केलं, बाजूचे दोन स्क्रू आवळले आणि शेवटी वरच्या टोपीचा स्क्रू. पुढचा ब्रेक दाबून सायकल मागे-पुढे केली, तर पुढच्या नळीत खटखट. क्रम उलटा आहे. वरच्या टोपीचा स्क्रू स्टेमला धरण्यासाठी नसतोच. तो वरून दाब देऊन आतल्या बेअरिंगमधला खेळ काढतो. बाजूचे स्क्रू सैल असतानाच तो दाब द्यायचा आणि मग बाजूचे आवळून तो दाब कायम करायचा.

सगळं सैल करून योग्य क्रमानं केलं. तरी खटखट. टोपी आवळली जाते, पण दाब बसत नाही. दोन तास गेले. सायकल तशीच ठेवली. खटखट असताना चालवायची नाही.

११ डिसेंबर, बुधवार

कारण सापडलं, रात्री दुकान बंद केल्यावर. टोपी काढून बोट फिरवलं, तर पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याची नळी स्टेमच्या वर नखाएवढी बाहेर आलेली लागली. टेपनं दोन्ही स्टेम उभे मोजले. दादाचा ४२ मिमी उंच, माझा ३८. जुन्या स्टेममध्ये नळी तीन मिमी आत होती, नव्यात एक मिमी बाहेर. टोपी स्टेमवर न बसता नळीवरच टेकत होती, मग दाब कुठून येणार?

पाच मिमीची एक चकती. मिस्त्रींनी डब्यातली काढून दिली, पैसे घेतले नाहीत. नळी चार मिमी आत गेली. टोपी हलकेच आवळली, खटखट थांबली. हँडल बोटानं ढकललं तर अडखळल्याशिवाय पडतं. मग बाजूचे स्क्रू, आळीपाळीनं, टॉर्क रेंचनं ५ न्यूटन मीटर.

१५ डिसेंबर, रविवार

गंगापूर रोडनं दुगाव, गिरणारे, परत. सुमारे ४० किमी. थंडी कडाक्याची, बोटं बधिर, पण मुंग्या नाहीत. दोन्हींतला फरक कळतो.

आखूड स्टेमनं हँडल चपळ झालंय. पहिले पाच किमी सायकल माझ्याआधी वळायची. बाटली काढायला एक हात सोडला तर पुढचं चाक डुलायचं. गिरणाऱ्याच्या द्राक्षबागांपर्यंत हाताला सवय झाली. याच्याखाली, ७० वर, मला जायचं नाही.

२२ डिसेंबर, रविवार

पडले. सिग्नलला थांबताना डावा पाय टाकला, तिथे रस्त्याची कड खचलेली होती. पाय चार बोटं खोल गेला आणि दांडा जोरात लागला. सायकल अंगावर. हाताला खरचटलं, बाकी ठीक. मागून गाडी नव्हती.

वहीत पहिल्याच दिवशी आकडे आहेत: दांडा ७७, माझे पाय बुटांसकट ७७. मध्ये जागाच नाही, आणि निदान अडीच सेंमी तरी हवी. सीटपोस्ट कापता आली, स्टेम बदलता आला. दांडा आहे तिथेच राहणार. शर्टाचा खांदा फारच मोठा असेल तर गिऱ्हाईकाला आम्ही स्पष्ट सांगतो की हा होणार नाही. ही सायकल त्या काठावर आहे. फ्रेम एक नंबर आणखी मोठी असती तर मी दादाला परत दिली असती, हे इथे लिहून ठेवते. कुणी मला विचारलं तर मी हेच सांगेन.

थांबायची रीत बदलली. आधीच डावा पाय काढायचा, सीटवरून उतरून सायकल डावीकडे तिरकी करायची, मग पाय टेकवायचा. जमेल तिथे फुटपाथच्या कडेवर पाय. दुपारी मैदानात वीसेक वेळा केलं.

बाबांच्या काळ्या सायकलीवर मी शिकले तेव्हाही दांडा असाच छातीशी यायचा. दांड्याखालून पाय घालून हाफ पायडल मारायचे, आणि दादा कॅरिअर धरून मागे पळायचा. सोडलं की ओरडून सांगायचा, "सोडलं गं!" म्हणजे मी मागे वळून बघायचे आणि पडायचे.

२९ डिसेंबर, रविवार

हँडल. ४२ रुंद होतं. माझे खांदे हाडापासून हाडापर्यंत ३८. हात फाकलेले राहतात, मान आखडते. ३८ चं घेतलं, आणि वळण जवळ असलेलं. जुन्या हँडलचं वळण ८५ मिमी पुढे जायचं, याचं ७०. ब्रेकच्या मुठी त्यामुळे आणखी दीड सेंमी जवळ.

मिस्त्रींकडे बसून केलं, केबल सोडायच्या होत्या. जुनी टेप उलगडताना आतून दादाच्या घामाचा वास आला. नवी टेप खालून वर, ताणून, अर्धी अर्धी एकावर एक. पट्टी लावायचं काम माझंच, मिस्त्री बघत बसले.

माझी बोटं आखूड, म्हणून ब्रेकच्या पट्ट्याही आत घेतल्या. पट्टी किती दूर राहावी यासाठी एक बारीक स्क्रू असतो. पट्टी आत घेतली की ब्रेकची केबल पुन्हा ताणायची, नाहीतर पट्टी हँडलला टेकेपर्यंत ब्रेक लागत नाही.

१२ जानेवारी २०२५, रविवार

सीट माझी नवी. खोक्याच्या नालीदार पुठ्ठ्यावर पाटावर बसले, दोन खळगे उमटले, मध्यापासून मध्यापर्यंत १३ सेंमी. दादाची सीट १४३ मिमी, माझी १५५ घेतली. नवी सीट सहा मिमी जाड निघाली, तेवढी पोस्ट खाली.

१९ जानेवारी, रविवार

क्रँक १६५ चा, वापरलेला, एका ओळखीच्यांकडून. हा खर्च करावा की नाही यावर महिना घालवला. आता वाटतं, आधी करायला हवा होता.

१७२.५ वर पाय वर आला की मांडी पोटाला लागायची. क्रँक साडेसात मिमी आखूड झाला की पायडल खाली तेवढं कमी जातं, म्हणून सीट तेवढीच वर घ्यायची: ६७. वरच्या बाजूला मात्र दोन्ही मिळून दीड सेंमीची मोकळीक होते. गुडघा उघडा फिरतो. पायडल मारताना मी डुलते असं भाची म्हणायची, ते थांबलं.

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदन करून त्र्यंबकेश्वर. जाऊन-येऊन साठाच्या आसपास. अंजनेरीच्या पुढे चढाला हँडल जास्तच उंच वाटलं, सगळं वजन सीटवर आणि पुढचं चाक हलकं. घरी येऊन स्टेम पालटला, आता खाली झुकलेला. हँडल दीड सेंमी खाली, पाच मिमी पुढे. नोव्हेंबरमध्ये हेच मला सोसलं नसतं, आता पाठ तयार झालीय.

गुडघे, हात, मान: काही नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

दादा आला होता. सायकलीभोवती दोन फेऱ्या मारल्या, हँडलची टेप बोटानं दाबून बघितली. "सीटपोस्ट काढून ग्रीस लावायचंय," मी म्हटलं. "आण, मी लावतो. बसून करायचं काम आहे."

पोस्ट आता हातानं सहज निघते. त्यानं जुनं ग्रीस पुसलं आणि पुसता पुसता थांबला.

"ही लाल रेघ?"

"तुझी उंची."

"अगं, कापलीस ना तू?"

"पाचच. तुझ्या रेघेवर ठेवली तरी चौदा आत राहते. खाली कोरलेली रेघ बघ, दहाची."

त्यानं खिशातून चष्मा काढला, दोन्ही रेघा बघितल्या, बोटानं मधलं अंतर मोजलं. मग नवं ग्रीस घेतलं आणि पूर्ण गोल, पातळ थर दिला, लाल रेघेवरून अलगद. पोस्ट आत सोडली. टेप मी धरला, पट्टा त्यानं आवळला.

सीटची उंची ६७. सीटच्या टोकापासून हँडल ५२. स्टेम ८०, खाली. हँडल ३८. क्रँक १६५. पुढचं ग्रीस मेअखेर, पावसाआधी. दादा येणार आहे.